सहा स्टॅटचे चार: पाचव्या आवृत्तीची डागडुजी

तिरका_फासा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे फासे टाकून पात्रांच्या भूमिका खेळायचा खेळ, त्याची पाचवी आवृत्ती, २०१४ची पुस्तकं. पात्राचे सहा गुण आहेत (स्ट्रेंथ, डेक्स्टेरिटी म्हणजे डेक्स, कॉन्स्टिट्यूशन म्हणजे कॉन, इंटेलिजन्स म्हणजे इंट, विझ्डम म्हणजे विझ आणि करिश्मा), त्यांचे चार करायचा घाट घातलाय. मॉन्स्टर, मंत्र, छापील साहसं आहेत तशीच वापरायची आहेत, नवा खेळ लिहायचा नाहीये. आराखडा खाली देतो, जिथे फुटतंय तिथे बोट ठेवा.

आधी दुखणं काय ते. पॉइंट-बायमध्ये, म्हणजे ठरावीक पॉइंट खर्चून गुण विकत घेताना, सहाही गुणांचा भाव एकच (१५ला ९ पॉइंट, गुण कुठलाही असो), पण माल सारखा मिळत नाही. डेक्स घेतला की आर्मर क्लास (वार चुकवायचा आकडा), इनिशिएटिव्ह (लढाईत पाळी कुणाची आधी), धनुष्य, फिनेस हत्यारं (स्ट्रेंथऐवजी डेक्सने चालवता येणारी), त्या हत्यारांचं डॅमेज, तीन स्किल आणि फायरबॉल मंत्रासमोरचा सेव्ह (बचावाचा फासा), एवढं पदरात पडतं. स्ट्रेंथमध्ये हातघाईचा मारा, अ‍ॅथलेटिक्स हे एकुलतं एक स्किल आणि वजन उचलणं, जे बऱ्याच टेबलांवर कुणी मोजत नाही. कॉनला स्किल शून्य. पण हिट पॉइंट (किती मार सोसतो) आणि कॉन्सन्ट्रेशन (मार खाताना मंत्र टिकवणं) तिथे अडकल्यामुळे जो तो कॉन १४ करून मोकळा होतो, म्हणजे ती निवड नाही, सक्तीची पट्टी आहे. इंटला पाच स्किल आहेत, तरी विझार्ड (जादूगार) सोडून बाकीचे क्लास (पात्रांचे पेशे) तो ८ ठेवतात आणि त्यांचं काही अडत नाही.

आराखडा असा:

ताकद: स्ट्रेंथ आणि कॉन एकत्र.
चपळाई: डेक्स, त्यातून इनिशिएटिव्ह वजा.
अक्कल: इंट, शिवाय विझ्डमकडून आणलेली परसेप्शन (आसपासचं हेरणं), मेडिसिन आणि सर्व्हायव्हल. इनिशिएटिव्ह इथे.
जिगर: उरलेलं विझ्डम आणि करिश्मा.

३ ते १८चे आकडे फेकून द्यायचे, फक्त मॉडिफायर (आकड्यातून निघणारा, फाशात मिळवायचा बोनस) ठेवायचे. सुरुवातीला +३, +२, +१, −१ हे चार आकडे हवे तसे वाटायचे. वंशाचे बोनस त्यातच धरलेत, वेगळे मिळणार नाहीत. हे आकडे हवेतून काढलेले नाहीत: स्टँडर्ड अ‍ॅरे (१५, १४, १३, १२, १०, ८) घेऊन १५वर +२ आणि १३वर +१ लावलं की मॉडिफायर +३, +२, +२, +१, ०, −१ येतात. बेरीज ७, सरासरी साधारण १.१७. चौपट केली की ४.६७, म्हणून बेरीज ५ धरली.

गणिती_गोब्लिन

बेरीज ठीक, पण ठरावीक चार आकडे देण्यापेक्षा किंमत लावून बघा: +१ला १, +२ला ३, +३ला ६, ०ला काही नाही, −१ घेतला तर १ परत. बजेट ९. बरोबर चारच आकार निघतात:

+३, +२, +१, −१
+३, +२, ०, ०
+३, +१, +१, +१
+२, +२, +२, ०

दोन +३ कुणाला परवडत नाहीत, कारण त्यातच १२ जातात आणि दोन −१ घेऊनही १०च्या खाली येता येत नाही. पॉइंट-बायचा तक्ता छापायची गरज उरत नाही. चारातला एक आकार निवडा, गुणांना वाटून टाका, संपलं.

आता दोष. ताकदीत कॉन घातलात आणि हिट पॉइंट त्यावरच ठेवलेत तर विझार्ड मेला. पाचव्या लेव्हलचा विझार्ड: ६ + ४×४ = २२, कॉन १४चे १० मिळून ३२. ताकद ० ठेवली की २२. त्याला ताकद घ्यायला दुसरं काही कारण नाही, फक्त जगण्यासाठी तो ती घेणार. म्हणजे कॉनची पट्टी नाव बदलून तशीच राहिली.

हिट पॉइंट गुणांपासून तोडा. डी६ आणि डी८वाल्या (सहा किंवा आठ बाजूंच्या फाशावर हिट पॉइंट मोजणाऱ्या) क्लासला दर लेव्हलला सरसकट +२, डी१० आणि डी१२वाल्यांना +३. विझार्ड ३२वर येतो. फायटर १० + ६×४ + १५ = ४९, म्हणजे कॉन १६चा फायटर आज जिथे असतो तिथेच.

किल्लेदार

नमस्कार. घाट चांगला आहे, पण मी विरुद्ध बाजूने बोलतो. सहा गुण हा आजार नाही. डेक्सला गेल्या काही आवृत्त्यांत फुकट वाटलेल्या सवलती हा आजार आहे.

१९७४च्या मूळ पुस्तिकांमध्ये हेच सहा गुण होते आणि त्यांच्यावर फार काही अवलंबून नव्हतं. आपल्या क्लासचा मुख्य गुण चांगला असेल तर अनुभवाचे पॉइंट जास्त मिळत. डेक्स चांगला असेल तर नेमबाजीला +१, कॉन चांगला असेल तर हिट डायला +१. स्ट्रेंथचा मारायला बोनस तर पुढच्या वर्षी ग्रेहॉक पुरवणीत आला. त्यानंतर प्रत्येक गुणाला स्वतंत्र तक्ता होता. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीने सगळ्यांना एकच सूत्र लावलं, आकड्यातून १० वजा करून निम्मे करा. एकदा सूत्र एक झालं की कुठल्या गुणाला काय काय टांगलंय एवढाच फरक उरतो.

तिथेही काही वेसणी होत्या, त्या पाचव्या आवृत्तीत सुटल्या. फिनेस फक्त नेमाला लागायचा, डॅमेज स्ट्रेंथचंच. साध्या धनुष्याला डॅमेजमध्ये काही मिळायचं नाही, काँपोझिट धनुष्य घेतलं तर त्याच्या मर्यादेपर्यंत स्ट्रेंथ. इंटवर दर लेव्हलचे स्किल पॉइंट ठरायचे, त्यामुळे रोग हा चोरट्यांचा क्लाससुद्धा इंट टाकून देताना दहादा विचार करायचा.

तेव्हा सहा ठेवा, तीन दुरुस्त्या करा: डेक्सचं डॅमेज काढा, इनिशिएटिव्ह इंटवर न्या, आणि इंटच्या प्रत्येक +१ला एक जास्तीची भाषा किंवा हत्यार-अवजाराचं प्रावीण्य द्या. एका पानात काम होतं.

गणिती_गोब्लिन

किल्लेदार, इंटची दुरुस्ती मान्य. डेक्सचं डॅमेज सरसकट काढण्यात मात्र गोची आहे, फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. पाचवी लेव्हल, डेक्स +४ धरा:

रोग, रेपिअर, स्नीक अटॅक लागला असता: ४.५ + ४ + १०.५ = १९. डेक्स काढला की १५. घट २१ टक्के.
धनुर्धारी फायटर, दोन बाण: २ × ८.५ = १७. डेक्स काढला की ९. घट ४७ टक्के.
तुलनेला ग्रेटसोर्डवाला फायटर, दोन वार: २ × ११ = २२.

धनुर्धारी आज २२समोर १७ला उभा आहे आणि लांबून मारायचा फायदा धरता ते रास्तच वाटतं. ९ला आणलात की तो क्लासच बदलेल. तिसऱ्या आवृत्तीत हे चालायचं कारण तिथे एका फेरीत जास्त बाण सोडायचे मार्ग होते. एक कडी उचलून इकडे लावली तर बाकीची साखळी येत नाही.

तिरका_फासा

बजेट ९ आणि तुटक हिट पॉइंट दोन्ही घेतले. डॅमेजला हात लावत नाही. ताकद आता दोन गुणांचा माल देते आणि चपळाईतून इनिशिएटिव्ह गेलंय, तेवढ्याने तराजू जुळतो असं मला वाटतं.

किल्लेदार, तुमचा एक पानाचा उपाय बरा आहे, पण त्याने कॉन सुटत नाही. तो तसाच स्किल नसलेला, सगळ्यांचा १४ राहतो.

पडद्याआड

डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, बाजूने दोन गोष्टी.

पहिली: मॉन्स्टरचे चार गुण करायच्या भानगडीत पडू नका. लांडगा घ्या. छापील इंट ३ म्हणजे −४, विझ्डम १२ म्हणजे +१, परसेप्शन +३. तुमच्या आराखड्यात परसेप्शन अक्कलेवर आहे. अक्कल −४ लिहिली तर लांडग्याला समोरच्या झुडपातला माणूस वासावरून कळत नाही. +१ लिहिली तर तो कोडी सोडवायला बसेल. यातून वाट नाही, कारण प्राण्यांमध्ये हुशारी आणि सावधपणा या खरोखर वेगळ्या गोष्टी आहेत. गर्प्स या दुसऱ्या खेळानेही मूळ गुण चारच ठेवले, पण त्यात परसेप्शन आणि विल हे आयक्यूवर उभे करून स्वतंत्रपणे वरखाली करू दिलेत, पातळीला ५ पॉइंट भावाने. कारण हेच.

सोपं उत्तर असं की चार गुण फक्त खेळाडूंच्या पात्रांना. मॉन्स्टरच्या ठोकळ्यात सहा छापलेत ते सहाच राहू द्या. विझार्डने मंत्र टाकला आणि मंत्र विझ्डम सेव्ह मागतोय, तर ओगरने आपला छापील −२ वापरावा. ओगरने काही केलं आणि ते पात्राकडे स्ट्रेंथ किंवा कॉन सेव्ह मागतंय, तर पात्र ताकद टाकेल. एकेरी नकाशा आहे: स्ट्रेंथ, कॉन ताकदीकडे; डेक्स चपळाईकडे; इंट अक्कलेकडे; विझ, करिश्मा जिगरीकडे. डीएमच्या पडद्यावर एका ओळीत मावतो.

ड्रुइडचा वाइल्ड शेपही (प्राण्याचं रूप घेणं) यात बसतो. तिथे शरीराचे तीन गुण प्राण्याचे आणि मनाचे तीन स्वतःचे असतात. प्राणी झाला की स्ट्रेंथ, डेक्स, कॉन छापील वापरा, अक्कल आणि जिगर आपली. पॉलिमॉर्फ या रूप बदलायच्या मंत्रात मनही बदलतं, तिथे सहाही छापील.

दुसरी: कुठले गुण जोडायचे हे तर्कावर ठरवू नका, टिपण ठेवून ठरवा. कागदावर गुणांचे उभे रकाने, लढाई आणि बाकीचा खेळ अशा दोन आडव्या ओळी. जेव्हा जेव्हा फासा पडेल तेव्हा तो कुठल्या गुणावर पडला याची रेघ मारा. हल्ले मोजू नका. त्यांचा आकडा एवढा फुगतो की बाकी काही दिसत नाही. फक्त सेव्ह आणि चेक मोजा. चार गुणांमध्ये एखादा ४० टक्क्यांच्या वर गेला किंवा १५च्या खाली राहिला तर वाटणी चुकली समजा. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, शास्त्र नाही. पण दोन-तीन सत्रांत कल दिसतोच.

सेव्ह_फसला

पडद्याआडना +१, मॉन्स्टर सोडून द्यायची कल्पना झकास.

पण सेव्हच्या प्रावीण्याचं (क्लासमुळे फाशाला मिळणाऱ्या जास्तीच्या बोनसचं) काय? पाचव्या आवृत्तीत प्रत्येक क्लासला दोन सेव्ह आहेत आणि ते मुद्दाम असे वाटलेत की एक नेहमी लागणारा (डेक्स, कॉन, विझ) आणि एक क्वचित लागणारा (स्ट्रेंथ, इंट, करिश्मा). जोड्या एकत्र केल्या की काय होतं बघा:

बार्बेरियन आणि फायटर स्ट्रेंथ-कॉनवाले. दोन्ही ताकदीत जाऊन एकच उरतो.
क्लेरिक, पॅलाडिन, वॉरलॉक विझ-करिश्मावाले. दोन्ही जिगरीत, एकच उरतो.
सॉर्सरर कॉन-करिश्मा. त्याला ताकद आणि जिगर, दोन्ही जाडजूड.
मंक आणि रेंजर स्ट्रेंथ-डेक्स. ताकद आणि चपळाई, पुन्हा दोन्ही जाडजूड.
बार्ड डेक्स-करिश्मा. चपळाई आणि जिगर.

म्हणजे पाच क्लासचं एक प्रावीण्य गेलं आणि चार क्लासना लॉटरी लागली. फायटरवाला बार्डकडे बघून रडणार.

तिरका_फासा

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, भारी पकडलंत.

तुमच्याच वाटणीतून उत्तर निघतंय. आधीही प्रत्येकाकडे नेहमी लागणाऱ्या तीनपैकी एकच होता. तोच ठेवायचा, क्वचितवाला सोडायचा. फायटर, बार्बेरियन, सॉर्सरर: ताकद. मंक, रेंजर, रोग, बार्ड: चपळाई. क्लेरिक, पॅलाडिन, वॉरलॉक, ड्रुइड, विझार्ड: जिगर. इंट सेव्ह अजूनही क्वचितच लागतो, म्हणून ज्यांच्याकडे तो आधीपासून होता त्या रोग, ड्रुइड आणि विझार्डना अक्कल वर राहू द्या. बाकीच्यांना एकच. एकच असला तरी तो आता दोन जुन्या सेव्हचं काम करतो, चपळाईवाल्यांचं तेवढं होत नाही. त्यांना आर्मर क्लास आहेच.

किल्लेदार

सेव्हचं जमलं. आता इनिशिएटिव्ह. ते इंटवर न्या असं मीच म्हटलं होतं, पण तुमच्या अक्कलेत आधीच सात-आठ स्किल गेलीत. त्यावर विझार्डला पहिला नंबर दिलात तर गोब्लिन हलायच्या आत फायरबॉलचे ८डी६ (सहा बाजूंचे आठ फासे) पडणार, सरासरी २८. सात हिट पॉइंटच्या गोब्लिनला सेव्ह लागला तरी निम्मे १४ पुरेत. सहा गुणांमध्ये इंट कुपोषित असताना इनिशिएटिव्ह तिथे देणं ठीक होतं, इथे नाही.

सेव्ह_फसला

चपळाई किंवा अक्कल, जे जास्त असेल ते घ्या असं केलं तर?

किल्लेदार

नको! चौथ्या आवृत्तीने २००८मध्ये बचावासाठी नेमकं हेच केलं. फॉर्टिट्यूडला स्ट्रेंथ किंवा कॉन, रिफ्लेक्सला डेक्स किंवा इंट, विलला विझ किंवा करिश्मा, जो मोठा असेल तो. कागदावर उदार दिसतं. होतं असं की जोडीतला एक वाढवला की दुसरा फुकटात टाकून देता येतो. दोन गुणांपैकी मोठा घ्या असं जिथे लिहाल तिथे त्यातला एक आपोआप रिकामा होतो.

पडद्याआड

इनिशिएटिव्ह कुठल्याच गुणाला जोडू नका. सगळ्यांनी नुसता डी२० (वीस बाजूंचा फासा), मॉन्स्टरनेही. क्लासमधून मिळणारं तेवढं चालू ठेवा, उदा. बार्बेरियनचा सातव्या लेव्हलचा अ‍ॅडव्हांटेज. त्याला उलट आता जास्त किंमत येते.

परसेप्शनलाही तोच न्याय लावा. तो खेळातला सगळ्यात जास्त टाकला जाणारा चेक आहे. ज्या गुणाला द्याल तो फुगणार. १० अधिक प्रावीण्य असेल तर प्रावीण्य, गुण नाही.

गणिती_गोब्लिन

सहमत. आता १८ स्किलमधलं परसेप्शन बाहेर गेलं, उरली १७: ताकद १, चपळाई ३, अक्कल ७, जिगर ६. ताकदीचं एकच स्किल खटकतंय, पण इंटिमिडेशन स्ट्रेंथवर टाकायचा पर्याय खेळाडूंच्या पुस्तकातच दिलाय, तो कायमचा लागू करा. आवाजाने घाबरवायचं असेल तर जिगर, टेबल उलथून घाबरवायचं असेल तर ताकद. हे मोठा आकडा निवडण्यासारखं नाही, कारण दोन्हींचे परिणाम वेगळे होतात आणि ते डीएमने आधी सांगायचे.

मोठी अडचण मंत्रांची आहे. खेळाडूंच्या पुस्तकात मंत्रवाले क्लास आठ. क्लेरिक, ड्रुइड, रेंजर विझ्डमवर, बार्ड, पॅलाडिन, सॉर्सरर, वॉरलॉक करिश्मावर. जोडलं की आठपैकी सात जिगरीवर आणि विझार्ड एकटा अक्कलेवर. करिश्मावाल्यांचं मल्टिक्लासिंग (एकाच पात्राने दोन क्लास घेणं) आधीच माजलंय, त्यात क्लेरिकही आला की प्रत्येक जण एक लेव्हल क्लेरिकची घेऊन जड चिलखत आणि हीलिंग उचलणार, मंत्रांचा डीसी (सेव्ह टाकणाऱ्याला गाठावा लागणारा आकडा) जराही न घटता.

तिरका_फासा

ड्रुइड आणि रेंजर अक्कलेवर नेतो. नेचर, सर्व्हायव्हल, मेडिसिन तिथेच आहेत, त्यामुळे ओढूनताणून वाटत नाही. मग अक्कलेवर तीन, जिगरीवर पाच. मल्टिक्लासला जुनी अट १३ची, म्हणजे +१. ती +२ करतो. +३, +२, +१, −१ आकारात मग दोनच गुण अटीला पुरतात, आणि एकाच गुणावरच्या दोन क्लासना निदान आपापल्या क्लासच्या दुसऱ्या गुणाचीही अट लावता येते: क्लेरिकसाठी जिगर +२ आणि ताकद +१, म्हणजे सॉर्सररला चिलखत हवं असेल तर अंगात दम लागेल.

नवा_भिडू

अडाणी प्रश्न. एवढी शिवणटिपण करण्यापेक्षा तीन गुणांचा एखादा खेळ सरळ का नाही घेत? किंवा फेट अ‍ॅक्सिलरेटेडसारखं, काय करताय यापेक्षा कसं करताय याला आकडा?

पडद्याआड

अडाणी नाही. इन्टू द ऑड या खेळात स्ट्रेंथ, डेक्स आणि विल एवढंच आहे आणि ते चोख चालतं, कारण तिथे हल्ल्याला फासाच नाही, थेट डॅमेज. हिट पॉइंट संपले की मार स्ट्रेंथमध्ये जातो. म्हणजे गुण फक्त सेव्हसाठी, तिथे तीन पुरतात. पाचव्या आवृत्तीत आर्मर क्लास, हल्ला, डॅमेज, मंत्र सगळं गुणांवर टांगलेलं आहे, तीन केले की प्रत्येक फायटर सारखा दिसेल.

फेट अ‍ॅक्सिलरेटेडचे सहा मार्ग आहेत, +३, +२, +२, +१, +१, ०. अडचण एकच: +३ ज्यावर आहे त्यातच सगळं बसवायचा खेळाडूंना मोह होतो. दार फोडायचंय? हुशारीने फोडतो. पहारेकरी? हुशारीने. उपाय असा की परवानगी नाकारायची नाही, त्या मार्गाचा परिणाम वेगळा ठेवायचा. हुशारीने दार उघडायला वेळ लागतो, जोराने उघडलं की आवाज होतो. हे करायची तयारी नसेल तर तो साचा घेऊ नका.

अपोकॅलिप्स वर्ल्ड या खेळाच्या वाटेने जायचं तर आणखी एक लक्षात ठेवा, तिथे एकेक आकडा जड असतो. २डी६वर +० असेल तर १० किंवा वर यायची शक्यता १६.७ टक्के, +१ला २७.८, +२ला ४१.७, +३ला ५८.३. डी२०वर एक +१ म्हणजे सरळ ५ टक्के. तिथले गुण इकडे जसेच्या तसे आणता येत नाहीत ते यामुळे.

सेव्ह_फसला

परत मूळ विषयावर. आकडे काढून नुसते मॉडिफायर ठेवलेत तर जिथे आकडाच लागतो तिथे काय? पाथफाइंडर या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीने २०२३च्या नव्या पुस्तकांत आकडे काढलेच, पण त्यांनी बाकीचे नियमही त्याबरोबर लिहिले. आपल्याकडे जुने मॉन्स्टर आहेत. शॅडो स्ट्रेंथचा आकडा १डी४ने कमी करते, ० झाला की मरण. इंटेलेक्ट डिव्हाउअरर ३डी६ टाकून इंटच्या आकड्याशी तुलना करतो. लांब उडी स्ट्रेंथच्या आकड्याएवढे फूट.

गणिती_गोब्लिन

सरसकट तोडगा: आकडा लागेल तिथे १० + दुप्पट मॉडिफायर. उडी त्यावर, वजन त्यावर (त्याच्या पंधरापट पौंड), डिव्हाउअररची तुलनाही त्यावर. अक्कल −१वाल्याचा आकडा ८, ३डी६ त्याला गाठायची शक्यता ८३.८ टक्के. अक्कल ०वाल्याला ६२.५. पूर्वीसारखंच भीतिदायक राहतं. चिलखताची अट १३ आहे तिथे ताकद +१, १५ आहे तिथे +२ लिहा. १५चं सूत्राने +२.५ होतं, खाली उतरवा.

शॅडोला सूत्र नको, टेबलावर वजाबाकी करत बसावं लागेल. प्रत्येक फटक्याला ताकद १ने कमी, −५ला मरण. पूर्वी १० स्ट्रेंथवाला सरासरी २.५च्या हिशेबाने ४ फटक्यांत जायचा, आता ५. ८वाला ४मध्ये, आताही ४. १६वाला ७मध्ये, आता ८. एखाद्या फटक्याचा फरक, आणि बलवानाला थोडं जास्त झुकतं माप. मला चालतंय.

चौथ्या लेव्हलच्या वाढीत दोन गुणांना एकेक आकडा द्यायचा पर्याय मात्र मेला. त्यासाठी अर्धी खूण ठेवा: दोन गुणांवर अर्ध्या-अर्ध्या खुणा, त्याच गुणावर दुसरी अर्धी आली की +१.

अवांतर: ऑनलाइन शीट वापरत असाल तर तिथे सहा रकाने पक्के असतात, ते काढायच्या मागे लागू नका. स्ट्रेंथ आणि कॉन दोन्हीत ताकदीचा आकडा, विझ आणि करिश्मात जिगरीचा आकडा भरा. मॅक्रो चालत राहतात. हिट पॉइंट मात्र हाताने लिहा, नाहीतर शीट कॉनवरून स्वतःच मोजेल आणि +२ किंवा +३चा नियम वाया जाईल. इनिशिएटिव्हही शीट डेक्सवरून काढते, तिथे चपळाईएवढीच उलटी सुधारणा घाला. ड्रुइड-रेंजरचा मंत्रगुण आणि मेडिसिन, सर्व्हायव्हल हे इंटवर फिरवायला विसरू नका.

तिरका_फासा

सगळं घालून एक पात्र करून बघितलं. लाइफ डोमेनची क्लेरिक, पाचवी लेव्हल, प्रावीण्य +३. आकार पहिला: जिगर +३, ताकद +२, अक्कल +१, चपळाई −१. चौथ्या लेव्हलची वाढ जिगरीला, +४.

मंत्रांचा डीसी ८ + ३ + ४ = १५. हिट पॉइंट ८ + ५×४ + १० = ३८. चेन मेल १६ आणि ढाल २, आर्मर क्लास १८. चेन मेलची अट ताकद +१, तिच्याकडे +२. मेस (गदा) +५ने, १डी६ + २. सेव्ह: जिगर +७, ताकद +२, अक्कल +१, चपळाई −१. १८ डॅमेज खाल्लं तर कॉन्सन्ट्रेशनचा डीसी १०, टिकायची शक्यता ६५ टक्के. इनिशिएटिव्ह ०.

सहा गुणांवर हीच क्लेरिक बांधली तर बहुतेक आकडे इथेच येतात.

सेव्ह_फसला

एक आकडा लिहिला नाहीत. पॅसिव्ह परसेप्शन, म्हणजे फासा न टाकता काय नजरेस पडतं तो. क्लेरिकच्या स्किलच्या यादीत परसेप्शन नाही, त्यामुळे तिचं आता १०. जुन्या विझ्डम +४वर ते १४ असतं. गटाची पहारेकरीण आंधळी झाली.

पडद्याआड

बरोबर, आणि हे एकट्या क्लेरिकचं नाही. पाचव्या लेव्हलला चांगल्या विझ्डमचं प्रावीण्यवालं पात्र पूर्वी १७पर्यंत जायचं, आता १३वर थांबतं. गोब्लिनचा स्टेल्थ (लपणं) +६ आहे. १७ओलांडायला त्याला १२ किंवा वर लागायचे, ४५ टक्के. १३ ओलांडायला ८ पुरतात, ६५ टक्के. दर घातपातात वीस टक्क्यांचा फरक हा लहान नाही.

पाया १०ऐवजी १२ धरा. प्रावीण्यवाल्याचं १५, गोब्लिन ५५ टक्क्यांवर. क्लेरिकचं १२. फासा टाकून शोधायचं असेल तेव्हाही डी२०ला तोच +२ सगळ्यांना. छापील साहसातले सापळ्यांचे डीसी मग बदलावे लागत नाहीत, फक्त जिथे डीसी १५च्या वर आहे तिथे २ कमी करा. रोगने परसेप्शनमध्ये एक्स्पर्टीज (दुप्पट प्रावीण्य) घेतली असेल तर त्याचं १८ होतं. त्याच्यासाठी कमी करू नका.